म्हाकूचं नाव

“नाव सांगा,” थोरला नलवडे म्हणाला. “ज्यानं हरभऱ्यात मेंढरं घातली, त्याचं नाव तेवढं सांगा. बाकीच्यांस्नी बोट लावनार न्हाई.”

त्याच्या हातात जाड काठी होती. मागं दोघं धाकटे भाऊ उभे, त्यातल्या एकाच्या खांद्यावर पहार. ऊन नुकतं वर आलं होतं. मी चुलीपाशी पीठ मळत बसले होते, हात तसेच परातीत राहिले.

आम्ही धनगर. दिवाळी झाली की माणदेश सोडायचा, घोड्यांवर बिऱ्हाड लादायचं आणि मेंढरं घेऊन नदीच्या काठाकाठानं खाली जायचं. शेतकरी मोकळ्या रानात मेंढरं बसवून घेतो. त्याला खत मिळतं, आम्हाला चार पायली ज्वारी. त्या साली ज्या गावात आमचा तळ पडला होता त्याचं नाव मी सांगणार नाही. तिथली माणसं अजून नांदती आहेत. छत्तीस वर्षं झाली म्हणून काय झालं?

तळावर आम्ही पाच जण. माझे सासरे बिरूबा, सत्तरीला टेकलेले, त्यांना मी मामंजी म्हणायचे. माझा नवरा लिंबा. हो, आता म्हातारपणी घेते नवऱ्याचं नाव, कुणाला काय करायचं ते करा. धाकटा दीर म्हाकू. आणि सासऱ्यांचा चुलतभाऊ धुळाकाका, एकटा जीव सदाशिव. त्या वेळी लिंबा आणि धुळाकाका मेंढरं पाण्यावर घेऊन गेले होते. तळावर मी आणि मामंजी दोघंच.

मामंजी काठी टेकत उठले. “मेंढरं माजी हाईत. चूक माजीच.”

“म्हातारबा, तुमी पहाटं उठून दोन एकर हरभरा चारलासा? धड चालता तरी येतं का तुमास्नी?”

“माजीच म्हनतुया न्हवं.”

“मी नाव इचारलं.”

“दिलं की. बिरू.”

आमच्यात एक रीत होती. तळावरच्या माणसाचं नाव परक्याला द्यायचं नाही. मार बसू दे, दंड भरावा लागू दे, पोलीस येऊ देत. एकानं केलं ते सगळ्यांनी केलं. मामंजी म्हणायचे, एकदा नाव दिलं की कळप फुटला, मग लांडग्याची गरज नाही. लग्न होऊन आले त्या दिवशी मला पहिलं हेच सांगितलं होतं, चूल कुठं मांडायची ते नंतर.

पहिला फटका खांद्यावर बसला. मामंजी एका गुडघ्यावर आले आणि परत उठले. दुसरा बरगडीवर बसला तेव्हा वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज आला. मी किंचाळत धावले. मधल्या भावानं मला दंडाला धरून बाजूला ढकललं, मी परातीवर पडले. पोटात पाच महिन्यांचं होतं. मी पोट धरून तशीच बसले आणि ओरडत राहिले.

“आरं, म्हाताऱ्याला मारता काय, मुडद्यांनो! देव बघतोय तुमच्याकडं!”

“मग नाव सांग की बाई,” थोरला म्हणाला. तोही धापा टाकत होता. मारायची सवय असलेला माणूस नव्हता तो, हे तेव्हाही दिसत होतं. दोन एकर भरल्या घाट्यांचं रान पहाटे मुळासकट गेलेलं बघून त्याचं डोकं फिरलं होतं. “तुला ठाव हाय. तुज्या तोंडावरनं कळतंय.”

मला ठाऊक होतं.

पहाटे मी लघवीला उठले तेव्हा म्हाकू जाळीचं कुंपण, आम्ही त्याला वाघर म्हणतो, ते उचलत होता. एकेक मेंढरू चुटकी वाजवून हळू बाहेर काढत होता. मी म्हणाले, “भावजी, एवढ्या पहाटं?”

“हळू बोल वैनी. दुपारी दलाल यायचाय मेंढरं बघाया. पोटं गोल दिसाया पायजेत का नको?”

“आवो, कुनाचं रान हाय ते तरी बघा.”

“मेंढराला सातबारा वाचता येत न्हाई.”

आणि मी हसले. खरंच हसले, तोंडावर पदर घेऊन. मग जाऊन झोपले.

म्हाकू म्हणजे काय माणूस होता ते सांगते. उंच, काटक, घारे डोळे, डोक्याला कायम गुलाबी पटका. तळावर एकट्याकडंच फटफटी होती. पुढं जाऊन रानं ठरवायची म्हणून घेतलेली, पण अर्धा वेळ ती कुठल्या ना कुठल्या गावात कुणाच्या तरी दारात उभी असायची. आदल्या साली लांडग्यानं कोकरू उचललं, तर हा कुऱ्हाड घेऊन एकटा मागं धावला. ओढ्यात गाठून लांडग्याचं टाळकं फोडलं आणि कोकरू जिवंत घेऊन आला. सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं. संध्याकाळी त्यानं तेच कोकरू कापलं. “म्या सोडवलं, माजं झालं,” म्हणाला. मामंजी जेवले नाहीत. लिंबा जेवला नाही. आणि मी मेलीनं ते कालवण करून दिलं, वर त्याच्या बोलण्यावर हसले. तो असा बोलायचा की राग यायच्या आत हसू यायचं.

त्या दिवशीही मार चालू असताना माझी नजर बांधावर गेली. शंभर पावलांवर बाभळी होत्या. बाभळीच्या आडोशाला फटफटी दिसली, आणि गुलाबी पटका. म्हाकू उकिडवा बसून विडी ओढत होता. त्यानं मला बघितलं. बोट ओठांवर ठेवलं आणि मान हलवली.

मामंजी आता पालथे पडले होते. थोरल्यानं काठी टाकून दिली होती आणि तो नुसता लाथेनं ढोसत होता, “सांग, सांग,” म्हणत. मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. पण मामंजींनी जमिनीवरून माझ्याकडं बघितलं, ओठातून रक्त गळत होतं, आणि म्हणाले, “फुला, पीठ वाळतंय.”

मी तोंड मिटलं.

तेवढ्यात लिंबा आला. नदीवरून माझा आवाज ऐकून पळत सुटला असणार. तो भांडखोर माणूस नाही. आयुष्यात त्यानं कुणाला शिवी दिलेली मी ऐकली नव्हती. पण बाप मातीत पडलेला बघितला आणि त्यानं सरळ डोकं खाली घालून थोरल्याच्या पोटात मुसंडी मारली. दोघं आडवे झाले. लिंबानं त्याचा गळा धरला. ज्याच्या खांद्यावर पहार होती तो सगळ्यात धाकटा, वीस-बावीसचा पोरगा, घाबरला. घाबरून त्यानं पहार फिरवली.

ती लिंबाच्या जबड्यावर बसली.

मी तो आवाज विसरायचा म्हटला तरी विसरत नाही. तो बाजूला लवंडला. तोंड एका अंगाला लोंबलं होतं, दोन दात मातीत पडले होते. धाकट्या नलवड्यानं पहार टाकून दिली आणि “दादा, चल, दादा, चल,” म्हणायला लागला. तिघं गेले. जाताना थोरला दोनदा मागं वळून बघत होता.

धुळाकाका मेंढरं घेऊन आले तेव्हा मी लिंबाचं तोंड पटक्याच्या कापडानं डोक्यावरून बांधत होते. मामंजींना घोंगड्यावर घेतलं. श्वास घेतला की ते कण्हायचे. तालुक्याचा दवाखाना सहा कोस. घोडीवर बसवून नेलं असतं तर मामंजी वाटेतच गेले असते. धुळाकाका म्हणाले, गावात गाडी मागून बघतो. मी म्हणाले, कोण देणार आपल्याला गाडी या गावात?

मग म्हाकू आला. फटफटी ढकलत आला, आवाज नको म्हणून. बापाजवळ बसला, त्याच्या कपाळावरून हात फिरवला. मला वाटलं, आता रडेल.

“आबा,” तो म्हणाला, “वाटनी करा.”

मामंजींनी डोळे उघडले. “काय?”

“वाटनी. आज. तुमीच म्हनला हुता, मागंल त्या दिवशी.”

ते असं होतं. पाच वर्षांमागं बिरोबाच्या देवळात मामंजींनी हातात भंडारा घेऊन दोन्ही पोरांना शब्द दिला होता. वाटणी हाळीवर व्हायची. कळप मध्ये उभा करायचा, भाऊ दोन टोकांना, दोघांनी आपापली हाळी द्यायची. मेंढरू ज्याच्याकडं जाईल त्याचं. आणि दोघांतला कुणीही मागेल त्या दिवशी, सूर्य बुडायच्या आत. म्हाताऱ्यानं फार विचार करून ठरवलं होतं. जो उन्हातान्हात मागं हिंडतो त्याचीच हाळी मेंढरू ओळखतं. राबणाऱ्याला मिळावं, उंडगेगिरी करणाऱ्याला नाही, हा त्यातला हिशेब. लिंबा रोज मेंढरांमागं असायचा. जिभेखाली दोन बोटं घालून शीळ मारायचा, तर नदीपलीकडचं मेंढरू मान वर करायचं. म्हणून म्हाकूनं पाच वर्षांत एकदाही वाटणी मागितली नव्हती.

मी ताडकन उठले. “भावजी, लाज वाटतीया का जरा? ह्यांचं तोंड बांधलंय! शीळ कुठनं घालतील? दोन म्हैनं थांबा.”

“दोन म्हैन्यानं ह्यो जबडा नीट झाल्यावर मी कशाला वाटनी मागीन, वैनी?” तो शांतपणे म्हणाला. खोटं बोलायचे कष्टसुद्धा घेत नव्हता. “आन माज्यावर का चिडतीस? जबडा काय म्या मोडला?”

“तुमीच मोडला! तुमच्यापायी मोडला! बाभळीखाली बसून बघत हुता तुमी!”

“मग काय करायचं हुतं? तिघं हुते. मी पन पडलो असतो मातीत. मग कुनाचं भलं झालं असतं?”

त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याच्या डोळ्यांत पाप नव्हतं, हीच गंमत. पाऊस आला की छपराखाली जावं, तसा तो बाभळीखाली गेला होता.

लिंबा घशातून काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता. धुळाकाका म्हणाले, “म्हाकू, आरं पंचांत काय तोंड दावशील?”

“पंच म्हनत्याल, म्हाताऱ्यानं भंडारा उचलला हुता. व्हय का न्हाई आबा?”

मामंजींनी डोळे मिटले. माशा घोंगावत होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले. “मामंजी, न्हाई म्हना. एकदा न्हाई म्हना. देवाला डोळं हाईत की.”

“देवाला हाईत,” ते म्हणाले. “शबुद माजा हाय. धुळा, कळप मधी घे.”

त्या म्हाताऱ्याचा मला इतका राग आला की त्यांच्या मोडक्या बरगड्यांवर मीच एक लाथ घालावी असं वाटलं. हे आधी कुणाला सांगितलं नव्हतं.

अडीचशे मेंढरं नांगरट रानात उभी केली. इकडच्या टोकाला धुळाकाकांनी लिंबाला धरून उभं केलं. तिकडं म्हाकू, पटका नीट बांधून, जसा काय लग्नाला निघालाय. धुळाकाकांनी हात वर केला आणि खाली आणला.

“हिर्रर्र हाऽऽ! हाऽऽ! हिर्रर्र!” म्हाकूचा आवाज खणखणीत होता.

लिंबानं तोंडावरचं बांधलेलं कापड ओढून काढलं. मी “नको, नको” म्हणेपर्यंत दोन बोटं तोंडात घातली. जबडा हातानं वर धरून फुंकला. नुसती हवा आली, आणि हवेबरोबर रक्त. परत फुंकला. रक्त हनुवटीवरून छातीवर, छातीवरून धोतरावर. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. तिसऱ्यांदा बोटं घातली आणि तो गुडघ्यावर बसला. मेंढरं दोन्हीकडं बघत होती. पुढची चार-पाच लिंबाकडं दोन पावलं आलीसुद्धा, आवाज नाही म्हणून थबकली.

मी ओरडले. कोकरांना बोलावताना ओरडते तसं ओरडले.

“बाईची हाळी धरत न्हाईत,” म्हाकू पलीकडून म्हणाला. “काका, सांगा की तिला.”

धुळाकाकांनी मान खाली घातली. “न्हाई धरत, पोरी. भावांचीच.”

मोठा मेंढा म्हाकूकडं वळला. एक वळलं की मेंढरांचं काय सांगायचं! सगळा कळप भुईवरनं पाणी वाहावं तसा तिकडं गेला. आमच्याकडं सतरा राहिली, सगळी लंगडी, आंधळी, म्हातारी. कोकरं आयांच्या मागं गेली.

मी तिथंच बसले. मेंढरं गेली म्हणजे काय गेलं, हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडं ना जमीन, ना घर. मोडक्या जबड्याचा नवरा, उठता न येणारा सासरा, पोटातलं पोर. पुढच्या महिन्यात मी रोजगार हमीवर खडी फोडत बसणार, हे मला समोर दिसत होतं. म्हाकू तिकडं घोडीवर गाठोडं बांधत होता. मधनंच शीळ घालत होता, कुठल्या तरी तमाशातल्या गाण्याची.

ट्रॅक्टरचा आवाज आला तो त्याच वेळी.

नलवडे होते. तिघंही. मागं ट्रॉली. धुळाकाकांनी कुऱ्हाड उचलली. पण थोरला उतरला तो टोपी काढून हातात धरूनच. चार पावलांवर थांबला.

“काका, ठेवा ती खाली,” तो म्हणाला. “आईनं पाठवलंय. ती म्हनली, बापाच्या वयाच्या मानसावर हात टाकलास, त्येला दवाखान्यात घालून ये, तवर घरात पाऊल ठिवू नगंस. ट्रॉलीत भुसकाट टाकलंय, धक्का बसनार न्हाई.” मग मामंजींकडं बघून त्याचा आवाज बसला. “म्हातारबा, माजं डोस्कं फिरलं हुतं. हरभरा पुना यील. माफी करा.”

मामंजींनी हात थोडा वर केला. “झालं गेलं,” म्हणाले.

धाकटा पोरगा लिंबासमोर उभा होता आणि रडत होता. एका हातात दुधाची बरणी. मधला भाऊ ट्रॉलीचं फळकं पाडून घोंगडं अंथरत होता. कुणाच्या हातात काठी नव्हती. कुणाच्या डोळ्यांत राग नव्हता. सगळं संपलं होतं. माझ्या घरचे दोघं दवाखान्यात जाणार होते, दोघं जगणार होते.

आणि म्हाकू मेंढरं घेऊन निघाला होता.

मी उठले. पदर खोचला. थोरल्या नलवड्यासमोर जाऊन उभी राहिले आणि हात लांब करून दाखवलं.

“त्यो बगा. म्हाकू त्येचं नाव. त्येनं घातली तुमच्या हरभऱ्यात मेंढरं. चुकून न्हाई, मुद्दाम. म्या डोळ्यानं बघितलं. आन तुमी म्हाताऱ्याला मारत हुता, तवा त्यो त्या बाभळीखाली बसून विडी वडत हुता.”

“फुला!” मामंजी ओरडले. इतका मोठा आवाज त्यांच्या मोडक्या छातीतून कुठून आला कोण जाणे.

थोरला नलवडे माझ्याकडं बघत राहिला. मग म्हाकूकडं. “त्यो ह्यांचा कोन?”

“पोरगा. पोटचा.”

त्याचा चेहरा बदलला तो हरभऱ्यासाठी नव्हे. सकाळपासून तो स्वतःच्या हाताकडं बघून शरमत होता, ती सगळी शरम आता कुणावर तरी टाकायला मिळाली. “बाप मार खातूय आन ह्यो बसून बघतूय?” तो म्हणाला. “माज्या हातनं बाप मारवला ह्येनं?” आणि चालायला लागला. भाऊ मागं.

म्हाकू पळाला असता तर वाचला असता. फटफटी दहा पावलांवर होती. पण फटफटीवर अडीचशे मेंढरं नेता येत नाहीत. तो कळपाच्या पुढं उभा राहिला आणि हसला. “वैनी येडी हाय,” तो त्यांना म्हणाला. “वाटनीत हारली म्हनून बोलतीया. आन हरभरा काय सोन्याचा हुता का? म्हातारा सोता म्हनला ना, म्या केलं म्हनून? मग मिटलं की.”

थोरल्यानं त्याच्या कानाखाली वाजवली. पटका उडून पडला.

म्हाकूनं खांद्यावरची कुऱ्हाड चालवली. मी बघितलं ते सांगते, आधी कुऱ्हाड त्याचीच चालली. धाकटा पोरगा मध्ये आला, दुधाची बरणी हातात तशीच. त्याचा दंड खांद्यापासून कोपरापर्यंत उघडा झाला, दूध आणि रक्त एकदम सांडलं. मग कुणाला आवरणार? मधल्यानं ट्रॅक्टरची पहार आणली. मेंढरं चौफेर उधळली, कुत्री भुंकत गोल फिरत होती, धुळाकाका “बास करा, बास करा” म्हणत मध्ये घुसायला बघत होते. धुरळ्यात मला म्हाकू दोनदा उठताना दिसला. तिसऱ्यांदा दिसला नाही. तरी पहार वर जात होती आणि खाली येत होती.

लिंबा त्या दिशेनं रांगत निघाला होता. मामंजी त्याच्याही पुढं होते. कसे पोचले ते विचारू नका. त्यांनी पोराचं डोकं मांडीवर घेतलं, आणि मग नलवडे थांबले.

दोघांसाठी आणलेल्या ट्रॉलीत चौघांना घातलं. धाकटा नलवडेही त्यातच. एकाच भुसकटावर मारलेले आणि मारणारे, आणि ट्रॅक्टर थोरलाच चालवत होता, मोठ्यानं रडत. मी म्हाकूच्या उशाशी बसले होते. धुळाकाका मेंढरं गोळा करायला मागं राहिले.

अर्ध्या वाटेत म्हाकूनं डोळे उघडले. एकच उघडला, दुसरा उरला नव्हता. “वैनी, पानी.”

मी कापड भिजवून ओठाला लावलं. त्यानं चोखलं. मग हसायला गेला, तोंडातून फेस आला.

“मेंढरांसाठीच ना?” तो म्हणाला. “तू बी माज्यावानीच की गं.”

मी कापड परत भिजवलं. सकाळी मामंजींचं रक्त सांडत होतं तेव्हा माझं तोंड मिटलं होतं. मेंढरं गेली तेव्हा उघडलं. सहावा कोस संपायच्या आत तो गेला. शेवटपर्यंत माझ्या हाताचं बोट त्यानं धरून ठेवलं होतं, ते सोडवताना मला दोन्ही हात लावावे लागले.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी फौजदार आला. मामंजींच्या छातीला पट्टे होते. शेजारच्या खाटेवर लिंबा, जबडा तारेनं बांधलेला. मी खाली बसले होते. धुळाकाका मेंढरांपाशी कुणाला तरी बसवून आले होते, ते दारात. फौजदारानं वही उघडली.

“नलवडे म्हणतात, तुमच्या सुनेनं येऊन आपणहून नाव सांगितलं. आम्ही तर माफी मागायला गेलो होतो. खरं आहे का?”

मी मान वर केली नाही. सांगून टाकावं, म्हाताऱ्यानं सांगून टाकावं, असं मला वाटत होतं. जातीत मला वाळीत टाकतील, लिंबा टाकून देईल, होऊ दे. ज्या माणसानं दिलेल्या शब्दासाठी आख्खा कळप जाऊ दिला, तो फौजदारापुढं खोटं बोलणार नाही हे मला ठाऊक होतं.

“खोटं हाय, सायब,” मामंजी म्हणाले. “माजी सून तवा नदीला पान्याला गेली हुती. ती हुतीच कुठं?”

“मग नाव कुणी दिलं?”

“कुनी न्हाई. त्येंनीच वळकलं.”

फौजदारानं धुळाकाकांकडं बघितलं. धुळाकाका म्हणाले, “पान्याला गेली हुती.” लिंबाकडं बघितलं. लिंबानं डोळे मिटून मान हलवली, हो. फौजदारानं लिहून घेतलं आणि गेला. पुढं कोर्टात, पंचांत, पाव्हण्यारावळ्यांत तेच चाललं. आज माझ्याकडं चारशे मेंढरं आहेत, माणदेशात पक्कं घर आहे, थोरलीला स्थळ बघताना लोक म्हणाले, बिरूबाच्या सुनेसारखी गुणी बाई नाही.

फौजदाराच्या बुटांचा आवाज जिन्यावरून खाली गेला आणि मी मामंजींच्या खाटेच्या कठड्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागले. “मामंजी, शिव्या द्या मला. मारा. तुमचा पोरगा खाल्ला म्या. कायतरी बोला.”

ते छताकडं बघत होते. दोन्ही डोळ्यांतून पाणी कानामागं जात होतं. मग त्यांनी हात लांब केला. मला वाटलं, माझे केस धरतील. त्यांनी लिंबाच्या खाटेकडं बोट दाखवलं.

“त्येला काल सकाळपास्नं कायबी न्हाई पोटात,” ते म्हणाले. “पेज कर. पातळ कर, चावता यायचं न्हाई त्येला.”

मी उठले, डोळे पुसले आणि दवाखान्याच्या मागं जाऊन तीन दगडांची चूल मांडली.